कॅमेऱ्यापुढचे वय : संगीत नटांच्या दुसऱ्या कारकिर्दीचा इतिहास

मराठी संगीत रंगभूमीच्या उतरणीचा इतिहास बहुधा दोन माध्यमांच्या झुंजीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. एका बाजूला नाटक मंडळ्या, दुसऱ्या बाजूला १९३१ साली अवतरलेला बोलपट, आणि अवघ्या काही वर्षांत पहिलीचा पराभव, असे त्याचे ठरलेले कथानक आहे. या कथानकात मंडळ्यांची कर्जे, थिएटरांची भाडी आणि प्रेक्षकांची पाठ यांचा हिशेब असतो, परंतु ज्या माणसांनी आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे पदे गाण्यात, त्यांना चाली लावण्यात किंवा त्यांची साथ करण्यात घालवली होती आणि जी नेमकी या वेळी चाळिशीच्या किंवा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती, त्यांचे पुढे काय झाले याचा विचार ओघाने आणि त्रोटकच येतो. वास्तविक त्यांच्यातील अनेकांनी नव्या माध्यमात दुसरी कारकीर्द उभी केली, काहींना ती साधली नाही, आणि कोणाला ती साधली व कोणाला नाही हे गळ्याच्या तयारीवर जितके ठरले तितकेच आणखी एका गोष्टीवर ठरले. ती गोष्ट म्हणजे नटाचे वय.

रंगभूमीने वयाचा प्रश्न फारसा कधी विचारला नव्हता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा प्रयोग झाला, तेव्हापासून पुढची पन्नास वर्षे मराठी प्रेक्षकाने एक अलिखित करार पाळला होता, आणि त्या करारानुसार रंगमंचावरील नायिका पुरुषाने वठवली तरी चालत असे, नायकाचे पोट सुटलेले असले तरी चालत असे, आणि गाणे ऐन रंगात आले असता कथानक अर्धा तास जागच्या जागी थांबले तरीही चालत असे. नाटकातील गाण्याला ‘पद’ म्हणत, आणि हे पद छापील संहितेत चार-सहा ओळींचे असले तरी प्रयोगात त्याचा विस्तार नटाच्या मर्जीवर, साथीदारांच्या तयारीवर आणि श्रोत्यांच्या ‘वन्समोअर’वर, म्हणजे तेच पद पुन्हा गाण्याच्या आग्रहावर, अवलंबून असे. रंगमंचासमोर ऑर्गन, म्हणजे पायाने भाता हलवून वाजवण्याची पायपेटी, तिच्या जोडीला सारंगी आणि तबला, अशी ही मैफलच होती. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालणे यात कोणाला नवल वाटत नसे. दिव्यांचा उजेड, रंगभूषेचा थर आणि प्रेक्षकांपासूनचे अंतर या तिन्ही गोष्टी नटाचे वय झाकून टाकीत, आणि उरलेली उणीव त्याचा स्वर भरून काढीत असे. म्हणूनच नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व, यांची १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकातली नायिका भामिनी जशी रसिकांनी तरुणी म्हणून स्वीकारली, तशीच ती दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसल्यांच्या धैर्यधरासमवेत झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’तही स्वीकारली, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे स्वीकारली.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि हा करार मोडीत निघाला. त्यापूर्वीच्या मूकपटांच्या काळात संगीत नटाला सिनेमाचे भय नव्हते, कारण मूकपट दाखवताना थिएटरात पेटी-तबला वाजत असला तरी पडद्यावरची माणसे मुकी होती आणि गाणे ही रंगभूमीची मिरासदारी होती. बोलपटाने ती मिरासदारी संपवली, आणि त्याच वेळी गाणाऱ्या माणसांची निकड निर्माण केली. कारण सुरुवातीच्या बोलपटांत पार्श्वगायन, म्हणजे एकाने पडद्यावर ओठ हलवायचे आणि दुसऱ्याने आधीच गाऊन ठेवायचे ही पद्धत, नव्हती. ती भारतात १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली रूढ झाली. तोपर्यंत जो पडद्यावर दिसे त्यानेच, चित्रीकरण चालू असताना, गायचे असे. साहजिकच गाणारा, बोलणारा आणि लोकांसमोर उभे राहण्याची सवय असलेला असा आयता माणूस निर्मात्यांना नाटक मंडळ्यांतच सापडला.

या चित्रीकरणाचे स्वरूप पाहिले म्हणजे संगीत नटाला काय काय नव्याने शिकावे लागले ते कळते. रंगमंचावर त्याचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी फेकलेला असे. इथे मायक्रोफोन डोक्यावर हातभर अंतरावर टांगलेला असल्याने तीच फेक कर्कश ठरे आणि आवाज आवरून धरावा लागे. वादकांना चौकटीबाहेर, कधी पडद्यामागे तर कधी झाडाझुडपांआड बसवत, आणि तबला दूर, सारंगी जवळ अशी त्यांची अंतरे जुळवून स्वरांचा तोल साधत. गाता गाता मान वळवली किंवा दोन पावले इकडेतिकडे झाली तर आवाज माइकच्या टप्प्यातून निसटे. साथीदाराचा एक ठेका चुकला तर सगळी फीत वाया जाऊन गाणे पहिल्यापासून घ्यावे लागे. सर्वांत मोठा फरक मात्र काळाचा होता. फिल्मच्या किमतीने आणि एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेने गाण्याची लांबी ठरवून टाकली होती. वन्समोअर देणारा श्रोता समोर नव्हता, आणि ज्या आलापीत नटाचे सगळे वैभव होते तिला जागाच उरली नव्हती. पदाचे ‘गीत’ झाले ते असे, आधी घड्याळामुळे आणि मग रुचीमुळे.

या नव्या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या बड्या संगीतकारांत गोविंदराव टेंबे अग्रणी होते. कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात १८८१ साली जन्मलेले टेंबे हार्मोनियमचे निष्णात वादक होते; १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ला त्यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाने चाली लावल्या आणि नाट्यसंगीताचे वळण बदलले. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीची भागीदारी, त्यानंतर स्वतःची शिवराज नाटक मंडळी, तिचा विलय, असे चढउतार पाहून झाल्यावर, वयाच्या पन्नाशीत, त्यांच्याकडे कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा पहिला बोलपट आला. १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी स्थापन केलेल्या या कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला तेव्हा टेंब्यांनी त्याला संगीत तर दिलेच, शिवाय राजा हरिश्चंद्राची भूमिकाही केली. तारामती होत्या दुर्गा खोटे. सत्यवचनासाठी राज्य, पत्नी आणि मुलगा गमावून डोंबाघरी राबणारा राजा पन्नाशीचा दिसला तर बिघडत नव्हते, उलट चेहऱ्यावरच्या खुणा कथेच्या उपयोगाच्या होत्या. प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’ आणि पुढच्या काही चित्रपटांचे संगीत त्यांचेच, परंतु टेंब्यांची खरी दुसरी कारकीर्द पडद्यावर फार काळ रमली नाही; ती त्यांच्या लेखणीत गेली. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ या ग्रंथांतून त्यांनी आपल्या काळच्या गायकांची जी स्मृतिचित्रे रेखाटली, त्यांवर मराठी संगीत-इतिहासाचा मोठा भाग आजही उभा आहे.

टेंब्यांना जे सहज साधले ते बालगंधर्वांना साधले नाही. १९३० नंतर गंधर्व मंडळी कर्जाच्या ओझ्याखाली होती, आणि १९३५ साली वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथांच्या भूमिकेत उतरले. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. गांधीजींच्या नावाशी जोडल्या गेलेल्या त्या शब्दाला सेन्सॉरने हरकत घेतल्यामुळे ते बदलावे लागले. अस्पृश्यतेचा विषय एकनाथांच्या चरित्रातून मांडणाऱ्या या चित्रपटात बालगंधर्व प्रथमच मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे पुरुषवेषात, जवळून आणि पूर्ण उजेडात दिसले. पडद्यावर मास्टर कृष्णरावांच्या चालींवर त्यांचा गळा होता, मुद्राही प्रसन्न होती, पण ज्या प्रतिमेवर महाराष्ट्राने दोन पिढ्या प्रेम केले होते ती शालू-शेल्यातली प्रतिमा तिथे नव्हती, आणि समोर दाद देणारा श्रोता नसल्यामुळे त्यांच्या गाण्यातील देवघेवही हरपली होती. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले आणि साठीला टेकल्यावरही स्त्रीभूमिका करीत राहिले. रंगभूमीचा जुना करार मोडला आहे हे प्रेक्षकांना कळले होते. तरीही काहीजण तो निष्ठेने पाळत होते.

भूमिका तीच, संताची, आणि तरीही निष्पत्ती वेगळी, असे उदाहरण एका वर्षानेच घडले. विष्णुपंत पागनीस हे एके काळी नाटकांतून स्त्रीभूमिका करणारे गायक नट होते. रंगभूमी सोडल्यावर ते शाळेत संगीत शिकवीत आणि भजने गात. १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकारामा’तली मुख्य भूमिका त्यांना दिली तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यांची निवड हा एक धोका होता, कारण स्त्रीभूमिकांची सवय लागलेल्या नटाचे हातवारे आणि पदन्यास सहसा सुटत नाहीत. प्रत्यक्षात पागनीसांनी अभिनय कमी करत करत तो जवळजवळ नाहीसा केला. चेहऱ्यावर एक स्थिर, थोडा हरवलेला भाव, हातात टाळ-चिपळ्या, आणि वारकरी भजनाला शोभेल असे सरळ, अलंकार टाळणारे गाणे, एवढ्याच सामग्रीवर त्यांनी तुकाराम उभा केला.

या चित्रपटाच्या प्रारंभीचा प्रसंग या सगळ्या स्थित्यंतराच्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. तुकाराम आपल्या विठ्ठलापुढे शांतपणे गातो. त्याच्या रचनेवर आपले नाव घालणारा सालोमालो मात्र तीच रचना देवळात भक्तांपुढे हावभाव करीत, ताना घेत, नाटकी थाटात सादर करतो. प्रेक्षक त्याला हसतो, आणि हसता हसता त्याला नकळत एक गोष्ट पटते, की ते दुसरे गाणे खोटे आहे. सालोमालो ज्या ढंगाने गातो तो ढंग मराठी प्रेक्षकाने पन्नास वर्षे डोक्यावर घेतलेल्या नाट्यगायनाशी नाते सांगणारा होता. म्हणजे संगीत रंगभूमीवरून आलेल्या नटाने आणि नाट्यसंगीताचे मर्म जाणणाऱ्या संगीत दिग्दर्शकाने मिळून आपल्याच जुन्या कलेचे विडंबन पडद्यावर उभे केले, आणि त्याच विडंबनाच्या पार्श्वभूमीवर नवी गायकी प्रस्थापित केली. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली, आणि शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेले एक पद तर इतके अस्सल वाटले की ते तुकारामांचेच आहे असा अनेकांचा समज झाला. पागनीसांना पुढे ‘संत तुलसीदास’ आणि ‘नरसी भगत’ अशा हिंदी चित्रपटांतही संतांच्याच भूमिका मिळत गेल्या.

हरिश्चंद्र, एकनाथ, तुकाराम, तुलसीदास आणि नरसी मेहता या भूमिकांची यादी एकत्र पाहिली की संतपटाच्या लाटेमागचे एक व्यावसायिक कारण स्पष्ट होते. भक्तिपरंपरेचे सामर्थ्य, स्वातंत्र्य चळवळीचे वातावरण आणि पौराणिक कथांची लोकप्रियता ही कारणे सर्वपरिचित आहेत आणि ती खरीही आहेत. परंतु गाणारा मध्यमवयीन नट ज्याला शोभेल असा नायक संतकथेतच मिळत होता, हेही तितकेच खरे आहे. संताला तारुण्याची गरज नसते, प्रणयप्रसंग नसतात, आणि त्याने उठताबसता गाणे हे कथेला धरूनच असते. कॅमेऱ्याने जे वय उघडे पाडले ते संताच्या वेषात वैराग्य म्हणून खपले. उलट प्रेमनायकाची आणि नायिकेची जागा नव्या माणसांकडे गेली. १९३२ ची तारामती आणि १९३४ च्या ‘अमृतमंथना’तल्या शांता आपटे यांच्यानंतर स्त्रीवेषातील पुरुषाला पडद्यावर फारसे स्थान उरले नाही.

ज्यांना पडद्यावर यायचे नव्हते त्यांच्यासाठी बोलपटाने एक सर्वस्वी नवा हुद्दा निर्माण केला, तो संगीत दिग्दर्शकाचा. नाटकात चाली लावणारा आणि गाणारा बहुधा एकाच मांडवाखाली असत आणि चालीचे खरे रूप गाणारा ठरवी. स्टुडिओत मात्र प्रत्येक सूर आधी ठरवून, वाद्यमेळाला शिकवून, मिनिटांत बसवून द्यावा लागे. केशवराव भोळे हे त्या कामासाठीच घडल्यासारखे होते. वैद्यकीय शिक्षण सोडून गाण्याकडे वळलेले, ‘एकलव्य’ या टोपणनावाने संगीतसमीक्षा लिहिणारे भोळे १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाच्या संगीतातून मोजक्या, प्रसंगाला बांधलेल्या गाण्याचा पाठ देऊन चुकले होते. प्रभातमध्ये ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘संत ज्ञानेश्वर’ अशा चित्रपटांना त्यांनी संगीत दिले, आणि १९३७ च्या ‘कुंकू’त तर कथेबाहेरून येणारे पार्श्वसंगीत वर्ज्य करून प्रसंगातल्याच ध्वनींवर काम भागवले. गाणे कुठे नको हे ठरवणे हीदेखील संगीतरचना आहे, ही समज नाटकाच्या बैठकीत क्वचितच कोणाला सुचली असती.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचा मार्ग याहून अवघड होता, कारण भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत तयार झालेले आणि बालपणापासून रंगमंच गाजवलेले कृष्णराव स्वतः मोठे गवई होते. १९३५ च्या ‘धर्मात्मा’पासून ‘अमरज्योती’, ‘गोपाळकृष्ण’, ‘माणूस’ ते १९४१ च्या ‘शेजारी’पर्यंत त्यांनी आपल्या गवयीपणाला वेळोवेळी मुरड घातली. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकर यांनी साकारलेली मैना एकाच गाण्यात भाषेमागून भाषा बदलत जाते आणि प्रत्येक भाषेबरोबर चालीचा पेहरावही बदलतो. ख्यालाची तालीम मिळालेल्या माणसाने बाजारातल्या सुरावटींची अशी मिश्किल नक्कल करावी, यात त्यांच्या जुन्या प्रतिष्ठेला फाटा देण्याची तयारी दिसते. याच चित्रपटात बॉम्बे टॉकीजच्या धर्तीवरच्या प्रणयगीताचे विडंबनही आहे. हसवणे आणि स्वतःच्या विद्येला हसणे या दोन गोष्टी कृष्णरावांनी एकत्र साधल्या.

विनोदाचा हा धागा आणखी एका मंडळीच्या शेवटाशी जुळतो. दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला, तो चालला नाही, आणि मंडळी सावरली नाही. दीनानाथ २४ एप्रिल १९४२ रोजी अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी वारले. त्याच मंडळीतले दामुअण्णा मालवणकर, जे गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तील कामण्णामुळे ओळखले जात, मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ आणि चिं. वि. जोशींच्या कथांवरील ‘लग्न पहावे करून’ व ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटांत महाराष्ट्राचे लाडके झाले. विष्णुपंत जोगांच्या गुंड्याभाऊबरोबरचा त्यांचा चिमणराव अजूनही आठवला जातो. मंडळीचा गाणारा मालक बुडाला आणि तिचा विनोदी नट तरला यात नशिबाचा भाग होता, परंतु कारणही होते. विनोदी नटाने आपल्या शरीराकडून सौंदर्याची हमी कधी मागितलीच नव्हती. तिरळी नजर, वाढते वय आणि बसका आवाज हे त्याचे भांडवल होते. शिवाय विनोदी चित्रपटाला राजवाडे, रथ आणि सैन्य लागत नसे. चार खोल्या, एक कचेरी आणि दोन-तीन पाहुणे एवढ्यात त्याची कथा मावे, त्यामुळे पौराणिक भव्यतेचा खर्च न झेपणाऱ्या निर्मात्यांसाठी तो सोयीचा ठरला. गाण्याला त्यात जागा होती, पण गवयाला मुख्य स्थान नव्हते.

या तीन वाटांखेरीज चौथी वाट वर्गाकडे आणि दरबाराकडे जात होती. गंधर्व मंडळीतले विनायकबुवा पटवर्धन १९३२ साली इंपीरियल फिल्म कंपनीच्या ‘माधुरी’ बोलपटात झळकले खरे, पण त्याच वर्षी त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि उरलेले आयुष्य शिकवण्यात घालवले. मंडळीचे तबलावादक अहमदजान थिरकवा रामपूरच्या दरबारात आणि पुढे लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात गेले. ज्या साथीदारांना नाव नव्हते, त्यांच्यापैकी अनेकांनी स्टुडिओंच्या वाद्यमेळांत ठरावीक पगाराची नोकरी पत्करली. मंडळीच्या दौऱ्यात महिनोन्महिने एकत्र जेवणाऱ्या, एकत्र उधारी करणाऱ्या माणसांच्या जगातून ते महिन्याच्या पगाराच्या जगात आले, आणि त्यांच्या वादनाला पहिल्यांदाच तासांचे मोजमाप लागले.

या स्थित्यंतराचा शेवट पडद्यावर झाला नाही. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ‘कुलवधू’ रंगभूमीवर आणले तेव्हा त्याचे संगीत मास्टर कृष्णरावांचे होते आणि नायिकेची भूमिका करून गाणाऱ्या होत्या ज्योत्स्ना भोळे. नाटक रात्रभर चालणारे नव्हते, गाणी मोजकी आणि आखीव होती, आणि स्त्रीची भूमिका स्त्रीच करीत होती. ज्या रंगभूमीवर कृष्णरावांनी लहानपणी गायला सुरुवात केली होती तिच्यावर ते आता स्टुडिओने शिकवलेला हिशेब घेऊन परतले होते. जुन्या नाट्यसंगीताचे चाहते आलापीच्या आठवणीने हळहळले असतील, परंतु नव्या प्रेक्षकाला हे गाणे परके वाटले नाही, कारण दहा वर्षे तो असेच गाणे पडद्यावर ऐकत आला होता.